डोक्यावर उभा राहिलेला मोर

चहा घ्या, पण हसू आलं तर आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या एका व्याह्यांनी कोरं करकरीत धोतर भिजवून घेतलं होतं. फजिती कुणाची म्हणाल तर माझीच. आणि तीही भर सत्कारात, गळ्यात हार असताना!

गोष्ट एकोणीसशे सत्तर सालानंतरची. मी तेव्हा नुकता तिशीत. शिक्षणाच्या बाबतीत माझं डोकं म्हणजे एस.टी. स्टँड, कुठल्याही गावाची गाडी तिथं लागायची. सोलापुरात गणितात बी.एस्सी. झालो. मग पुण्याला जाऊन संस्कृत व्याकरणात एम.ए. केलं. इकडे सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत बातमी पसरली, 'मन्या गणितात नापास झाला वाटतं.' मग मानसशास्त्राची पदवी घेतली. लगेच दुसरी बातमी, 'मन्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, पुण्यातच ठेवून घेतलंय.' मधे दोन वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. शेवटी मुंबईच्या एका संस्थेत लागलो. तिथं एक खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता आणि आम्ही चौघे त्याला मराठी वाक्यं समजावून द्यायची खटपट करत होतो.

आईला म्हटलं, "याला कृत्रिम बुद्धी म्हणतात."

"कृत्रिम म्हंजे? खोटी?"

"तसंच समज."

"आन् त्यापायी इतकं शिकलास व्हय? खोटीच पायजे व्हती तर मॅट्रिकवर थांबायचं की!"

पण पेठेतल्या वाचनालयाचे चिटणीस गुलाबराव मात्र भारावून गेले. "तीन विद्या शिकला, चौथी शिकतोय! आपल्या पेठंत कुणी एक धड केली न्हाय!" झालं, सत्कार ठरला. साधी शाल नको, खास विणलेली सोलापुरी चादर द्यायची. मधे हा एवढा मोर आणि त्याच्या पायाखाली मोठ्या अक्षरांत 'चार विद्यांचा धनी मनोहर'. चादर ज्या कारखान्यात विणायची, त्याचे मालकच प्रमुख पाहुणे.

सुट्टीला आलो होतो. म्हटलं, चादर होते कशी बघू तरी.

कारखान्यात नरसय्या भेटला. पन्नाशीचा तेलुगू विणकर, तीस वर्षं नक्षीच्या कामात. मालक त्याला नक्षी खात्याचा मेस्त्री करणार होते, पण आधी ही चादर बघून. "हीच माजी परीक्षा हाय सायब," तो म्हणाला. "निगाली झकास तर मेस्त्री. न्हाय तर हाय तितंच."

त्यानं मला काम दाखवलं. नक्षी असते पुठ्ठ्याच्या कार्डांवर. एक कार्ड म्हणजे कापडाची एक ओळ. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. अशी कार्डं ओळीनं दोऱ्यानं शिवून त्यांची माळ मागावर चढवायची.

भोकं पाडलेली कार्डं! अहो, त्या काळी कॉम्प्युटरला काही सांगायचं तर अशाच कार्डांवरून; आमचा तरी दुसरं काय खात होता? माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं कुरकुरायला लागली. म्हटलं, हा तर आपलाच प्रांत!

नरसय्या जेवायला गेला. मोराची माळ शिवून तयार होती. अक्षरांच्या कार्डांची चळत शिवायची राहिली होती. मी एकेक कार्ड उजेडात धरून बघू लागलो. आणि काय? अक्षरांवरची रेघ शेवटच्या कार्डांत! मी मनात म्हटलं, 'अरेरे, बिचारा चुकला. अक्षर वरून खाली वाचतात, तर रेघ आधी नको?'

मी सगळी चळत उलटी केली. बरं, तेवढ्यावर थांबावं? नाही! माझ्यातला मानसशास्त्रज्ञ जागा झाला. गरिबाला त्याची चूक दाखवून कशाला ओशाळं करा? म्हणून मी गुपचूप बसून ती कार्डं स्वतःच्या हातानं शिवूनही टाकली.

नरसय्या परत आला नि बघतच राहिला. "अय्यो! तुमी शिवलं?"

"सवय आहे हो," मी अगदी विनयानं म्हणालो.

"लई मोटा मानूस ओ तुमी!"

मला सांगा, चादर विणायला सुरुवात कुठून होते? खालून! मोराचे पाय आधी येतात, डोकं नंतर. अक्षरांचंही तसंच. हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चार विद्यांच्या धन्याला.

सत्काराच्या दिवशी वाचनालय गच्च भरलं. गुलाबरावांनी घडी उलगडली. मोर असा देखणा की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक टाळी विरत गेली. मोराच्या पायाखाली अक्षरं उलटी लोंबत होती, रेघ तळाला.

गुलाबरावांनी मान वाकडी केली. चादर फिरवली. मग वरची कड खाली घेऊन पालथी केली. पालथ्या बाजूनं नाव अगदी सुरेख वाचता येऊ लागलं, पण आता मोर डोक्यावर उभा! परत सुलट केली. मोर पायावर, नाव खलास. दोन माणसं चादर उलटीपालटी करतायत आणि मागून लोक ओरडतायत,

"मोर ठेवा की!"

"न्हाय न्हाय, नाव ठेवा!"

"येक काय त्ये ठरवा राव!"

मालक मात्र लालबुंद झाले. "नरसय्या! ही तुझी परीक्षा?"

नरसय्या भिंतीशी उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "चुकलं मालक."

तुमच्याशी खोटं कशाला बोलू? क्षणभर वाटलं, खपतंय तर खपू द्यावं. गळ्यात हार, समोर अख्खी पेठ, पहिल्या रांगेत आई. पण त्या माणसाची तीस वर्षं माझ्यापायी वाया चालली होती. उठलो, माईकशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चळत मी उलटी केली, शिवली मी, सांगितलं नाही तेही मीच.



मालकांनी नरसय्याला विचारलं, "अरे, पण विणताना तुला दिसलं न्हाय?"

"दिसलं की मालक. मला मराठी वाचाय येत न्हाय, आपलं तेलुगूच. नक्षीच्या कागदावरच्या चौकटी मोजून भोकं पाडतो मी. पर रेघ खाली दिसली तवा शंका आली."

"मग थांबला का न्हाईस?"

"चार विद्येच्या सायबानं सोता शिवल्यालं," नरसय्या हात जोडून म्हणाला. "म्हनलं, संस्कृत असंल!"

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. सगळ्यांत जोरात कोण हसलं असेल? माझी जन्मदाती आई. मालकांचे तर डोळे गळायला लागले. त्यांनी तिथंच नरसय्याला मेस्त्री करून टाकलं, आणि माझा हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

आठवड्यानं मी कारखान्यात गेलो, नीट माफी मागायला. मालकांनी नवी चादर विणायला सांगितली होती. मेस्त्रींच्या खोलीत शिरलो तर भिंतीवर तेलुगू अक्षरांची नवी कोरी पाटी, रंग अजून ओला. टेबलावर नव्या चादरीची कार्डं मांडलेली. मी पाटीकडे कौतुकानं बघत टेबलावर हात टेकून उभा राहिलो.

"पाटी झकास आहे हो, मेस्त्री. काय लिहिलंय?"

"ऱ्हाऊ द्या की सायब."

"अहो सांगा. मला भाषांचा भारी नाद!"

नरसय्यानं डोकं खाजवलं, इकडं तिकडं बघितलं. मग नाइलाजानं म्हणाला, "लिवलंय की, शिकल्याल्या मानसानं कार्डाला हात लावू नये."

"बरोबर आहे!" मी म्हणालो. "अगदी बरोबर लिहिलंत!"

"व्हय सायब," नरसय्या म्हणाला. "मग आता हात उचला."