धवलारणीचे जुलाब

"बाय, आता तूच सांग. नातीचा लगीन दहा दिवसांवर आलाय. धवला मी बोलायचा का दुसरीनी?"

गोमीबाय खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. हात कमरेवर ठेवून माझ्या टेबलासमोर उभ्या. मी चिठ्ठीवर लिहीत होते त्या गोळ्या मागच्या दोन खेपांच्याच होत्या. हे त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळलंय हे मलाही.

डोंबिवलीच्या खाडीकडच्या आगरी गावांत लग्नाची पारंपरिक गाणी गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. गाणं म्हणजे धवला. हळदीपासून लग्न लागेपर्यंत तासन्‌तास गायचं, आणि तिचा मान असा की ती गायला लागली की भटजींनीही दम धरावा. गोमीबाय चाळीस वर्षं गात होत्या. वय साठ, डायबेटिस बारा वर्षांचा, आवाज खणखणीत. धवला अर्ध्यावर सोडून उठणं त्यांच्या लेखी अपशकुन. आणि गेल्या दोन महिन्यांत त्या दोन मांडवांतून अर्ध्यावर उठल्या होत्या. कारण जुलाब.

नव्वदीची सुरुवात होती. मला दवाखाना टाकून सहा-सात वर्षं झालेली. म्हणजे अनुभव बेताचा आणि आत्मविश्वास भरपूर. गोमीबाय पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मनात लगेच हिशेब मांडला. लग्नाचं जेवण, टँकरचं पाणी, त्यात शुगर. डायबेटिसवाल्यांना इन्फेक्शन लवकर धरतं. स्टूल टेस्टमध्ये अमीबाच्या सिस्ट निघाल्या. सिस्ट म्हणजे कवचात झोपलेला अमीबा. त्या काळात निम्म्या डोंबिवलीच्या पोटात तो झोपलेला असे, पण मी त्यालाच आरोपी ठरवला आणि त्याच्यावरच्या कडवट गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा त्याच गोळ्या जास्त दिवस दिल्या. जुलाब वाढले. आज तिसरी खेप, आणि आजच्या रिपोर्टमध्ये अमीबा नावालाही नव्हता.

मी ठाण्याच्या आमच्या सरांना फोन लावला. त्यांच्या हाताखाली मी शिकले होते.

"सर, पेशंटचा रिपोर्ट क्लीन आहे, तरी जुलाब आहेत. मी तोच कोर्स पुन्हा देतेय."

"अगं, रिपोर्ट क्लीन आहे तर औषध कुणाला देतेयस? रिपोर्टला? पाठव इकडे. नको, तूच घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांच्या ओपीडीत. सरांनी पोट तपासलं, पायाच्या नसा तपासल्या. मग मला समजावलं. बरीच वर्षं शुगर असली की पायांसारख्या आतड्याच्या नसाही बिघडतात. आतड्याचा ताळ सुटतो. कधी अन्न पोटात पडून राहतं, कधी जुलाब होतात. मला ते एकदम पटलं. मी मनात चिठ्ठीसुद्धा लिहून टाकली.

"आजी, रात्री उठावं लागतं का?" सरांनी विचारलं.

"रातची? नाय बा. रातची मी मेल्यावानी झोपते."

सरांचा चेहरा पडला. "नसांचा आजार घड्याळ बघत नाही. उलट रात्री जास्त छळतो. म्हणजे माझंही चुकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जागेपणीच होतंय, म्हणजे जागेपणी ही बाई काहीतरी करतेय. शोधून काढ. मला विचारू नकोस."

परत आल्यावर मी गोमीबायना दवाखान्यात बसवलं आणि उठल्यापासूनचा दिवस सांगायला लावला. चहा बिनसाखरेचा. तांदळाची भाकरी. मासळी. सगळं ठीक. सांगता सांगता त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चमकत्या कागदातली एक गोळी काढली आणि तोंडात टाकली.

"हे काय?"

"लिमलेट. तुझ्या त्या औषधानी तोंड कडू झालाय ना, म्हनून."

"गोड गोळ्या? शुगर असताना?"

"शुगरवाल्यांच्याच हायेत! जावयानी दुबईशी डबा पाठवलाय. साखर नाय त्यान. वाचून बघ."

"किती खाता?"

"मोजतंय कोन? गाताना घसा सुकतो, मंग एकामागं एक."

मी डबा मागवून घेतला. डब्याच्या बुडाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.

या गोळ्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं. ते आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि पाणी ओढून घेतं. एक-दोन खाल्ल्या तर काही नाही. मूठभर खाल्ल्या की झालं. गोमीबाय गायच्या म्हणून गोळ्या खायच्या, गोळ्यांनी जुलाब व्हायचे, जुलाबावर मी औषध द्यायचे, औषधानं तोंड कडू व्हायचं आणि कडू तोंडासाठी त्या आणखी गोळ्या खायच्या. दोन महिने मी रोगाला खतपाणी घालत होते!

मला इतकं हसू फुटलं की कंपाउंडर आत डोकावून गेला. गोमीबाय भडकल्या. "हसतेस काय?" मी सगळं सांगितलं.

"म्हंजे हा जावयानी केला?"

"निम्मं जावयानं, निम्मं मी."

डबा बंद, माझी औषधंही बंद. घसा सुकला तर कोमट पाणी, फार तर एखादी लवंग. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. तरी त्यांचा विश्वास बसेना. पाचव्या दिवशी त्या शेजारच्या हळदीत मुद्दाम दोन तास गाऊन आल्या आणि मग मला निरोप आला: लग्नाला यायचं, न येऊन चालायचं नाही.

मी गेले. गोमीबाय मांडवात पाटावर बसल्या होत्या आणि समोर हळदीनं माखलेली नात. त्यांनी धवला उचलला तो जागचं न हलता शेवटापर्यंत नेला. मला शब्द अर्धेच कळले, पण डोळे भरून आले. आनंदानं, आणि थोडं सुटल्यासारखं वाटून.

धवला संपल्यावर त्यांनी माझा हात धरून मला बायकांमध्ये उभं केलं. "ही माझी डाक्टरीन. तीन येला गोल्या दिल्यान, तवा मी मरता मरता वाचली. चवथ्या येला हिसकून घेतल्यान, तवा बरी झाली!" अख्खा मांडव हसला. बाजूला उभे असलेले दुबईचे जावईसुद्धा.

तेव्हापासून मी डायबेटिसच्या प्रत्येक पेशंटला विचारते, "जेवण सोडून दिवसभर तोंडात काय असतं?" सगळे सांगतात, काही नाही. मग मी वाद घालत नाही, नुसती गप्पा मारत बसते. पाच मिनिटांत हात आपोआप खिशाकडे जातो.