पाती बदलायच्या दिवशी

धाकट्याला पंचावन्नाव्या वर्षीही सगळे धाकटाच म्हणत. थोरला होता तोवर ते शोभायचं. थोरल्याला जाऊन दोन महिने झाले, तरी झाडं तोडणाऱ्यांच्या त्या आवारात नाव काही बदललं नव्हतं.

फांद्यांचा चुरा करणारं यंत्र दोघा भावांनी जुनंच घेतलं होतं. पाती बोथट झाली की ते कापायचं सोडून चावायला लागे. चुऱ्याऐवजी लांबलांब चिंध्या बाहेर पडत. त्या सकाळी तसंच झालं, तेव्हा धाकट्यानं बॅटरीची वायर काढली, झाकण उघडलं आणि आतला जड ढोल फिरू नये म्हणून त्यात खीळ अडकवली. खीळ हलवून पाहिली. पाना घ्यायला गेला, परत आला, पुन्हा हलवून पाहिली.

तेवढ्यात वहिनी आली. थोरल्याच्या कपाटात फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा सापडला होता, तो द्यायला. एरवी ती फाटकातूनच परतायची, पण आज पालथ्या पिंपावर टेकली. घरी तरी कोण वाट बघत होतं?

धाकटा कामाला लागला. गंजलेले बोल्ट अंगातला जीव काढत होते. जुनी पाती उतरवून त्यानं बैठकीवरचा वाळलेला डिंक खरवडला, नव्या पात्यांची वजनं जुळवून ती समोरासमोर बसवली, बोल्टही नवे घातले. पुढचं पातं वर आणायला खीळ काढून ढोल फिरवावा लागे. दर खेपेला तो खीळ पुन्हा घालायचा आणि दोनदा तपासायचा. वहिनी बघत होती.

"यांनी एवढं जपलं असतं, तर बोटं राहिली असती," ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी याच ढोलात थोरल्याची तीन बोटं गेली होती. शुद्धीवर आल्याआल्या त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की खीळ घालायला आपणच विसरलो. त्यानंतर दोघे भाऊ कामापुरतंच बोलले.

धाकट्याच्या हातातला पाना थांबला. सांगायचं नाही असं त्यानं कितीदा ठरवलं होतं. पण आता ज्याच्यासाठी गप्प राहायचं तो माणूसच उरला नव्हता.

"वहिनी, खीळ मी काढली होती. घालायची राहिली. दादाचा हात आत होता आणि मी पलीकडून पट्टा पुसताना ढोलाचं चाक ढकललं."

ती रागावेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. खरं तर तेच हवं होतं.

"नऊ वर्षं मी त्यांना वेंधळे म्हणत आले," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर. पोरींसमोर. शर्टाची बटणं लावून देताना तर रोज. ते हसायचे नुसते."

"मला वाटलं, दादानं तुम्हाला तरी..."

"नाही सांगितलं. आता तुम्ही तरी कशाला सांगितलंत, भावजी? त्यांची माफी मागू तरी कुठे जाऊन?"

पदरानं तोंड पुसून ती उठली आणि निघून गेली. धाकटा फाटकापर्यंत मागे गेला आणि तिथूनच परतला.

काम अर्धवट सोडता येत नव्हतं. ढोलाखालची स्थिर पट्टी सैल करून त्यानं थोरल्याच्या जुडग्यानं एकेका पात्यासमोर फट मोजली. कुठे जास्त, कुठे कमी. पट्टी केसभर सरकवायची, आवळायची, पुन्हा मोजायची. चौथ्या खेपेला जमलं. दुपारी यंत्र सुरू केलं तेव्हा फांदी लोण्यासारखी कापली गेली. कामगारांनी वाखाणणी केली. ती त्याच्या अंगाला लागली नाही.

दर रविवारी वहिनीकडे जेवायला जायची रीत होती, ती मोडली. कुणी ये म्हणालं नाही, की येऊ नको म्हणालं नाही. तिनं ही गोष्ट पोरींनाही सांगितली नाही. पुढे एकदा दवाखान्यात समोरासमोर आले, तेव्हा तिनं त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, परक्या माणसाची करावी तशी, आणि नंबर लागल्यावर आत गेली.