बडग्याच्या अंगातला कोट

कवडूनं जन्मात एकच चोरी केली, आणि तीही मोहल्ल्याच्या सांगण्यावरून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, बाईचा भला मोठा पुतळा. वर्षभराची रोगराई, इडापिडा, साऱ्यांची पापं तिच्या माथी मारायची, मिरवत न्यायचं आणि गावाबाहेर जाळून मोकळं व्हायचं. तिच्यासंग बडगे असतात, बांबूचे पुरुषभर पुतळे. इतवारीकडच्या बुरुड मोहल्ल्याचा बडग्या दरसाल कवडू बांधायचा. सूप-टोपल्या विणून पोट भरणारा माणूस, पण त्यानं बांधलेला बडग्या मिरवणुकीत मान डोलवत चालायचा.

एका साली बाजारातला बांबू वाळका निघाला. जातीचे पंच महादेवराव म्हणाले, "रामटेकच्या रानातून हिरवा आन गा. जंगल का गोऱ्याच्या बापाचं आहे?" कवडू गेला. बांबू तोडताना जंगलच्या शिपायानं धरलं, झटापट झाली, कोयत्याची मूठ बसून शिपायाचा जबडा मोडला. पाच वर्षं सक्तमजुरी. कोर्टात महादेवरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "वळखतो ना हुजूर. पन रानात कशाले गेला, ते मले का मालूम?" मोहल्ला मागं उभा होता. एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही.

कवडूची पोरगी सत्यवती तेव्हा लहान होती. पण पोरी लहान राहत नाहीत. चोराची पोरगी करून कोण घेणार, हा एकच किडा जेलात त्याचं डोकं पोखरत होता.

मग विलायतेची लढाई लांबली आणि समुद्रापलीकडं बसऱ्याला माणसं कमी पडली. साहेबानं कैदी ओळीनं उभे केले. "लढाईवर जाईल त्याची उरलेली सजा माफ. ज्याची खुशी असेल त्यानं हात वर करावा." हात वर झाले थोडे. बाकीच्यांना तेलाच्या घाण्याला जुंपलं, बैलाच्या जागी. आठवडा उलटायच्या आत साऱ्यांना खुशी झाली. ह्याला म्हणतात सरकारी राजीखुशी!

कवडूनं वॉर्डरला विचारलं, "जमादारसाहेब, सिपाई म्हनूनच जाऊन राहिलो ना आमी?"

"हो बे, सिपाई! येताना पलटनीचा बाजा वाजवू तुह्यासाठी."

कवडूला तेवढंच हवं होतं. चोराची नसली, तरी सिपायाची पोरगी लोक करतीलच ना?

बसऱ्याला त्याला खाकी कोट मिळाला, पितळी बटणांचा. बंदूक मिळाली नाही. मिळाली टोपली. नदीकाठी बंधारे घालायचे, जहाजातली पोती उतरवायची, आणि उन्हानं, हगवणीनं माणसं मरत ती उचलून पुरायची. खरे सिपाई ह्यांना 'जेल के कौए' म्हणत. एक पंजाबी रोज डिवचायचा, "टोकरीवाले, तेरी बंदूक किधर?"

"तुम्हारी फूटी तो लाना," कवडू म्हणायचा, "बांबू की कामटी लगाके बांध दूंगा."

हसायचे सगळे. पण जेवताना त्यांची रांग वेगळी, आजारी पडले तर तंबू वेगळा, आणि मेले तर खड्डाही वेगळा.

लढाई संपली. कवडू घरी आला. कुठला बाजा आणि कुठलं काय! बायको रुख्मिणी दारात उभी होती, मागं सत्यवती, आईच्या उंचीची झालेली. घरात पाणी प्यायच्या आधी तो कोट घालून पंचांपुढं गेला. महादेवराव लिंबाखाली बसले होते.

"सरकारनं माफ केलं असंल गा. जातीनं कुठं केलं? तू जेलातलं खाल्लं, समुद्र वलांडला, कोनाकोनाचे मुडदे उचलले."

"तुमच्याच बडग्यासाठी गेलो होतो, महादेवराव."

"तेच तर म्हनून राहिलो. यंदाचा बडग्या तूच बांध. मारबतीसंग तुहं पाप जाऊ दे. मग पंगतीत बसवतो तुले. पोरीचंही पाहू."

रुख्मिणी म्हणाली, "ह्या लोकायवर काहून भुलता तुमी? कोर्टात काय बोलले ते इसरले का?"

"पोरीचं लगन करायचं का नाई वं?" एवढंच तो बोलला.

बडग्या बांधून झाला. अंगावर घालायला जुनं धोतर द्यायचा मोहल्ल्याचा रिवाज. यंदा कोणी चिंधी दिली नाही. कवडूनं खुंटीवरचा कोट काढला.

"दाखवाले एवढाच तर आहे तुमच्यापाशी!" रुख्मिणी म्हणाली.

"दाखवून का भेटलं? त्यातच चोर आहे, त्यातच मुडदे आहेत. जळू दे एकदाचं." बडग्यासंग जळलेलं परत येत नाही, हे त्यानं आईच्या कडेवर असताना ऐकलेलं. बुरुडाचा विश्वास, दुसरं काय!

मिरवणूक निघाली. खाकी कोट पाहिला आणि मोहल्ल्याला चेव आला. "चोट्ट्या कवडूले घेऊन जा गे मारबत!" कवडूही हसला. जाऊ दे, म्हणाला, पापच तर जाऊन राहिलं.

नाईक तलावाजवळ बडगे पेटवले. पितळी बटणं चमकली, आणि तिथंच घोळ झाला. त्याच साली पंजाबात निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडून सरकार स्वतःच्या सावलीलाही भिऊन होतं. हवालदार काठी आपटत आला.

"बादशहाची वर्दी जाळता? कोनं बांधला बे हा बडग्या?"

मोहल्ला तोच, तोंडं तीच, मुकी. कवडूनं महादेवरावांकडं पाहिलं. महादेवराव हात जोडून म्हणाले, "हुजूर, हा मानूस आमच्या पंगतीतला नाई."

कोर्टानं ठरवलं, सरकारच्या सिपायानं वर्दीचा अपमान केला. बसऱ्यात मढी उचलताना जो कैदी होता, तो आता जेलात टाकताना सिपाई झाला. सरकारला माणसाचं नाव बरोबर वेळेवर आठवतं!

हिवाळ्यात रुख्मिणी भेटीला आली. जाळीपलीकडून पदराशी चाळा करत राहिली.

"सत्यवतीचं लगन झालं."

"पंच मानले?"

"म्हनाले, पाप मारबतीसंग गेलं, घर साफ झालं." तिनं नाक पुसलं. "तुमी आत गेले म्हनून साफ झालं म्हनते मेले."

"पंगत बसली?"

"बसली. पयल्या पाटावर महादेवराव."

त्यानं जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाला, "लगनातल्या वानाची दुरडी कोनं विनली?"

"कोन विनंल? तुमी नाई, आन मोहल्ल्यात कोनी हात लावाले तयार नाई. बाजारातून आनली."

कवडूनं आपली बोटं पाहिली, कामट्यांनी चिरलेली, बसऱ्याच्या मातीनं भेगाळलेली.

"बुरुडाच्या पोरीले इकतची दुरडी," तो म्हणाला.

आतून वॉर्डरनं हाक मारली. घाण्यावर त्याची पाळी होती.