मिठाच्या पाण्यातली एक पेशी

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

मी गोंदिया तालुक्यात, कामठ्याला राहते. मेंदूत बसवलेल्या बारीक तारांवर अनेक पेशींचे विजेचे ठोके एकमेकांत मिसळून येतात. आकारावरून कुठला ठोका कुठल्या पेशीचा हे लावायचं, उरलेला गोंगाट वेगळा काढायचा — हे माझं काम. घरूनच, लॅपटॉपवर.

माझ्या मोठ्या भावाला फिट यायच्या. ऑपरेशनआधी त्याच्याही मेंदूत तारा बसवल्या होत्या. त्याच्या परवानगीनं ती नोंद मीच लावली. त्यात एक पेशी होती, ठोक्याच्या शेवटी दोन उंचवटे असलेली... मी त्याच्या दवाखान्यातल्या खोलीत बोलू लागले की ती सुरू व्हायची. दादाला सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे माह्या डोक्यात एकच जण तुले ओळखते. बाकी सारे झोपून राहिले."

पुढच्या धान कापणीत दादा गेला.

नंतरच्या उन्हाळ्यात नव्या, न वापरलेल्या तारांच्या चाचणीची नोंद माझ्याकडे आली. रुग्णाला लावण्याआधी तारा मिठाच्या पाण्यात बुडवून नोंद घेतात. पाण्यात पेशी कुठून असणार? पण सारख्या आकाराच्या ठोक्यांचा एक पुंजका वेगळा निघाला. शेवटी दोन उंचवटे. दादाचा जुना ठोका त्यावर ठेवला — रेषेवर रेष बसली. तार केसभर हलली तरी आकार बदलतो. इथे तर तारच दुसरी होती.

वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी ते ठोके ऐकवले.

"हे काय व्हय, ताई?"

"दादाच्या पेशीसारखं आहे."

त्यांनी इयरफोन काढला नाही. "ते होते तवा मले काऊन नाही आयकवलं?"

मी आवाज थोडा वाढवून दिला.

माझ्या कामावरचे सर फोनवर म्हणाले, जुनी फाइल मिसळली असेल. मी तपासलं. ठोक्यांमधली अंतरं जुन्या फाइलशी कुठेच जुळेनात. म्हणजे ते जुने ठोके नव्हते. प्रयोगशाळेत पाणी बदलून पुन्हा चाचणी घेतली, ती कोरी आली. मग नियमाप्रमाणे, सदोष ठरलेली पहिली फाइल पुसायची होती.

"पुसाच्या पहिले त्यायच्यासंग बोलून घ्या," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, ही झालेली नोंद आहे. तिला ऐकू येत नाही."

"मी कुठी म्हणून राहिली, आयकू येते म्हणून."

मी बोलले. धानाच्या बांधीत पाणी आहे, वहिनी जेवतात, असंच काहीबाही. मग फाइल पुसली.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर मिठाच्या पाण्याच्या बऱ्याच नोंदी आल्या, सगळ्या कोऱ्या. त्या मी इतरांपेक्षा हळू तपासते.