गुळव्याची पिल्सनर

"गप! ती काय म्हणतीया ऐकू दे," असं म्हणून आबा उकळत्या रसाच्या काहिलीकडं कान करायचे आणि आमच्या मळ्यातल्या गुऱ्हाळावरची सगळी माणसं तोंड मिटून उभी राहायची. तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं असेल तर ठाऊकच असेल, पाक चुलवाणावरून कधी उतरवायचा हे एकटा गुळव्या ठरवतो. जरा मागंपुढं झालं की गूळ वाया. कोरेगाव भागात आमच्या आबांइतका पक्का गुळव्या दुसरा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

त्यांच्या जिभेचा तर दराराच. बोटभर काकवी जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ह्या जिभेला मी सुपारीचं खांड लावत न्हाई," हे दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

मी पलटणीतला हवालदार, तेव्हा नुकताच लढाईवरून परतलो होतो. जर्मनांच्या कैदेतून सुटल्यावर एका चेक शेतकऱ्यानं मला आठवडाभर घरी ठेवून घेतलं होतं. नुसता सापळा उरला होता माझा. तो माणूस आपल्याच शेतातल्या सातूची बीर करायचा, पिल्सनर म्हणायचा तिला. पिवळीधमक, वर पांढरा फेस आणि गारेगार. पहिल्या घोटाला वाटलं, सुटलो बुवा, जगलो! तो घोट आपल्या मळ्यात एकदा तरी पुन्हा प्यायचा, हे खूळ मी डोक्यात घेऊन आलो.

आबांनी मला चुलवाण वापरायला दिलं. सातूला मोड आणले, ते वाळवले, भरडले, उकळले, पावभट्टीवरचं आंबवण घातलं. तिकडं कडवटपणासाठी एका वेलाची फुलं घालतात. ती इथं कुठली मिळायला? मी काडेचिराईत घातलं, आणि चांगलं मूठभर घातलं. मग बाटल्या दोरानं विहिरीत सोडल्या.

बाटल्या काढल्या त्या दुपारी गड्यांनी एकेक घोट घेतला आणि पचापचा थुंकले. "आरं, बीर हाय का औषिद?"

आबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. पण माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाले, "आण हिकडं." पेला कानाशी नेला, फेस ऐकला, घोट घेतला, डोळे मिटले. "ब्येस हाय. जरा गोडी जास्त झालीया."

आणि काय सांगू! आत्ताच थुंकलेले ते बहाद्दर पुन्हा घोट घेऊन म्हणायला लागले, "व्हय की, जरा गोडच हाय."

माझं डोकंच फिरलं. माणसं पांगल्यावर मी आबांना विहिरीपाशी गाठलं. "आबा, माझी थट्टा करताय व्हय? विषासारखी कडू झालीया ती!"

आबा विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर बसले.

"कडू हाय?" हळूच म्हणाले. "मला काय ठावं, हवालदार. चार सालामागं मुदतीचा ताप आलता. जीव वाचला, चव गेली ती गेलीच. बायकोला बी म्हाईत न्हाई. कुणाला बोलू नगंस रं. बिनचवीच्या गुळव्याच्या हाती काहील कोण देईल?"

चार वर्षं सारा गाव ज्या गुळाची वाहवा करत होता, तो या माणसानं नुसत्या कानानं, डोळ्यांनी आणि बोटांनी केला होता! त्यांना रागावायला आलो होतो मी, आणि आता त्यांचे पाय धरावेसे वाटत होते.

"आता तू सांग," आबा म्हणाले. "कशी लागती?"

आयुष्यात असा कुणी मला प्रश्न विचारला नव्हता. मी घोट घेत घेत सांगू लागलो. आधी फेस ओठाला लागतो. मग भाकरीच्या खरपूस पापुद्र्याची चव येते. मग कडू येतं ते जातच नाही, घशात ठाण मांडून बसतं.

"आन त्या चेकाच्या घरची?"

"ती बी कडू हुती, पण रागवायची न्हाई. गिळली की तोंड सोच्छ, पुन्ना घ्यावी वाटायची."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "काडेचिराईत चिमूटभर घाल, ते बी उकळी संपता संपता. आन हिरीत दुप्पट दिवस ठेव."

तसंच केलं. पुढच्या खेपेला पहिला घोट घेतला आणि मी रडलो, सांगायला लाजत नाही. हुबेहूब तीच नव्हती, पण तिची सख्खी बहीण होती. आबा शेजारी बसून "सांग की, सांग की" करत होते. ज्यानं ती जमवली त्यालाच तिची चव तोंडानं सांगावी लागत होती.

पुढं दारूबंदी आली, माझा उद्योग बंद झाला. आबांनी अंथरूण धरलं. त्या हंगामात त्यांच्या पुतण्यानं पहिल्यांदा काहील सांभाळली आणि गुळाचा खडा घेऊन तो आबांच्या उशाशी आला. घर माणसांनी भरलं होतं. आबांनी अर्धा खडा जिभेवर ठेवला, अर्धा मला दिला, डोळे मिटले. मग एक डोळा किलकिला करून माझ्याकडं पाहिलं.

खोटं बोलायची वेळच आली नाही. गूळ खरंच तसा होता. मी मान डोलावली.

"गोड हाय रं," आबा पुतण्याला म्हणाले. "माझ्यापरास गोड हाय."

चार दिवसांत आबा गेले. पुतण्या आज नावाजलेला गुळव्या आहे. 'आबांनी शेवटी माझाच गूळ चाखला,' हे तो येईल त्याला डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मी शेजारी बसून 'व्हय व्हय' म्हणतो.