सिनेमा सांगणारीची लेक

मी ओरडून पोट भरते. लोकांना सांगताना डबिंग करते असं सांगते, आणि ते खोटंही नाही. फक्त मला कुणी वाक्यं देत नाही. माझ्या वाट्याला येतात त्या मारल्या जाणाऱ्या बाया. सूडाचे स्वस्त सिनेमे, कुठल्या तरी लांबच्या भाषेत काढलेले, बेळगावात एका दुकानावरच्या खोलीत कन्नड आणि मराठी होतात. बोलणाऱ्या बायका दोन्ही भाषांना वेगळ्या लागतात. ओरडायला मी एकटी पुरते. पाटीवर कुठली भाषा वर असावी यावरून आमच्याकडं डोकी फुटतात, पण माझी किंकाळी आजवर बिनविरोध निवडून आली आहे.

पहिल्या पहिल्यांदा घरी येऊन उलटी व्हायची. मग नुसतंच डोकं दुखायला लागलं. मग काहीच होईना. कोयता निघाला की मी पाण्याचा घोट घेते, गळा मोकळा करते आणि ओरडते. हे सांगताना वाईट वाटायला हवं, एवढं मला कळतं.

ही विद्या मी निपाणीत शिकले. आमच्या गल्लीतल्या बाया एका घराच्या सोप्यात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हात थांबवायची सोय नाही. सगळ्यांनी उठून सिनेमाला जाणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती: बाजाराच्या दिवशी एकीनं दुपारचा खेळ बघून यायचा, तिच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो सिनेमा सगळ्यांना सांगायचा. आई इतकं झकास सांगायची की पुढं पुढं दर वेळी तिलाच पाठवायला लागले. ती मला बरोबर न्यायची, कारण त्या टॉकीजात एकट्या बाईनं बसणं बरं दिसत नव्हतं.

दुपारच्या खेळाला लागायचे ते असलेच सिनेमे. एका बाईची दैना, मग दीड तास सूड. दैना सुरू झाली की आई पदरानं माझे डोळे घट्ट झाकायची. कान झाकायचं तिच्या ध्यानात आलं नाही. पदराआड बसून मी किती बायांच्या किंकाळ्या ऐकल्या असतील, देव जाणे. घाबरलेली कशी ओरडते, दुखतंय ती कशी ओरडते आणि कुणी येणार नाही हे कळलेली कशी ओरडते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून कानानं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सोप्यात आई सिनेमा सांगायची. हिरोचं घर, त्याची आई, गाणं, साड्यांचे रंग, सगळं. पण त्या प्रसंगाशी आली की म्हणायची, "पुढं व्हायचं ते झालं," आणि थेट पोलीस ठाण्यात पोचायची. बाया समजायच्या. तेवढ्या वेळापुरती कुणी कुणाकडं बघायचं नाही, सगळ्यांची नजर सुपात. हात मात्र चालूच.

दोनेक वर्षांपासून मला व्हिडिओ गेमचं काम मिळतं, तेही घरबसल्या. आतली लहान खोली मी आईनं शिवलेल्या वाकळा चारी भिंतींवर टांगून आवाजबंद केली. हल्ली एका गेमचा तिसरा भाग चालू आहे. पहिल्या भागात बाया पळायच्या, दुसऱ्यात लपायच्या. तिसऱ्यात लपायलासुद्धा जागा ठेवलेली नाही. गेमवाल्यांकडून यादी येते: भाजणे, उंचावरून पडणे, चाकू लहान, चाकू मोठा. मी ओरडून भरून ठेवते, मग कानाला हेडफोन लावून एकेक ऐकते आणि पुढं शेरा लिहिते.

गुडघे गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. जेवताना विचारायची, "आज काय केलंस गं, सांग की." मी सांगायचे: एक ओसाड गाव आहे, एक बाई आहे, तिच्यामागं एकजण लागलाय. आई विचारायची, "त्या बाईला घरात कोण हाय का न्हाय?" मला माहीत नसायचं. यादीत तसलं काही लिहिलेलं नसतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराचा सुमार असेल. मी आत शेरे लिहीत होते. सगळे आवाज ऐकून झाले तेव्हा चहा करावा म्हणून बाहेर आले. आई न्हाणीत पडली होती. पाय विचित्र वळलेला, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं.

"कधी पडलीस?"

"झाला की तासभर."

"मग हाक मारायची न्हाय व्हय?"

"एकदा वरडलो की. पुन्यांदा वरडलं तर तुझं काम बिघडायचं म्हटलं."

ॲम्ब्युलन्स आली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी सह्या केल्या, औषधं आणली, आणि या सगळ्यात मला काही वाटलं नाही. शहाणी, धीराची पोरगी म्हणून डॉक्टरांनी माझं कौतुकही केलं.

चार दिवसांनी काम पाठवायला बसले. यादीत आवाज बावीस होते आणि माझे शेरे तेवीस. ऐकता ऐकताच लिहिलेले. कुठला जास्तीचा म्हणून एकेक फाईल पुन्हा लावली. सतराव्या शेऱ्याला फाईलच नव्हती. तिथं मी लिहिलं होतं: लांबून आल्यासारखा. खरा वाटत नाही. पुन्हा घ्यावा.

तो शेरा मी पुसला आणि यादी पाठवून दिली. त्यांचं उत्तर आलं, काम छान झालंय.

आईला घरी आणल्यावर निपाणीहून सोप्यातल्या दोघी-तिघी बसनं भेटायला आल्या. त्यांचेही हात आता थकले आहेत. आईला उशीला टेकवून बसवलं, आणि तिला अवसान चढलं. साबण कसा सांडला होता, पाय कसा घसरला, भिंतीला धरायला गेली तर नळच कसा हातात आला, सगळं रंगवून सांगत होती. हात हवेत हलत होते. मी चहाचे कप घेऊन दाराशी उभी होते.

"मग गं आक्का? पोरगी घरात न्हवती व्हय?"

आईनं एकदा दाराकडं बघितलं.

"पुढं व्हायचं ते झालं," ती म्हणाली, आणि थेट ॲम्ब्युलन्समध्ये पोचली.

बाया समजल्या. सगळ्यांची नजर मांडीवर, जिथं आता सूप नव्हतं. माझ्याकडं कुणीही बघितलं नाही. मला रडू यायला हवं होतं. चहा गार व्हायला लागला होता, म्हणून मी आत जाऊन तो सगळ्यांना दिला.