मोरनीच्या डोंगरावरचा माझा किल्ला

तोंडात चहा असेल तर आधी गिळून घ्या. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या दुकानातल्या सरदारजींना, म्हणजे पाजींना, असा ठसका लागला, की अर्धा कप माझ्या शर्टावर आला. आणि मी काही विनोदी माणूस नाही हो! माझ्या हातून फक्त गोष्टी तशा होतात.

मी संतोष. नववीत शाळेला रामराम ठोकला, एसी दुरुस्तीचं काम शिकलो आणि ताईच्या मागोमाग चंदीगडला आलो. दाजी हवाई दलात, त्यांची बदली इथली. मी शेजारच्या पंचकुल्यात एका दुकानात कामाला. स्वभाव असा, की गिऱ्हाइकाने "भाईसाहब, चाय?" विचारलं तरी माझे कान लाल होतात. आणि 'नाही' हा शब्द तर तोंडातून निघतच नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

इथल्या आमच्या मराठी मंडळात सगळी बदलीवाली माणसं. त्यातल्या मेजर साळुंखे साहेबांना लहान पोरांना डोंगरावर न्यायची भारी हौस. आधीची सहल मात्र अर्ध्यातूनच परत आलेली. पोरं रडली, आया चिडल्या आणि बापांनी पोरं खांद्यावर टाकून खाली आणली. "यापुढे मॉल! तिथे एसी तरी असतो," असं कुलकर्णी वहिनींनी जाहीर करून टाकलं.

साहेब म्हणाले, "एक शेवटचा प्रयत्न करू. पण पोरांना रमवत नेणारा कुणीतरी पाहिजे."

आणि आमची ताई! मंडळात नवीन, बैठकीत कधी तोंड न उघडणारी. ती एकदम म्हणाली, "आमचा संतोष नेईल की! साताऱ्याचा आहे तो."

झालं! सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

"वा! म्हणजे गडकिल्ले पायाखालचे!" साहेब खूश.

कसले पायाखालचे? आमचं गाव फलटणकडचं, सपाट. अजिंक्यतारा मी एसटी स्टँडवरून बघितलाय, तोही गाडी चुकली म्हणून. पण ताईचा चेहरा असा फुलला होता, की काय सांगू! मंडळात पहिल्यांदा तिचं कुणीतरी ऐकलं होतं. आता पोरं रडली तर ताईची मान खाली जाणार. मी म्हणालो, "नेतो की."

रविवारी सकाळी आमची वरात चंदीगडजवळच्या मोरनीतल्या एका डोंगराखाली उतरली. कोवळं ऊन, चीडची, म्हणजे पाइनची झाडं, गार वारा. साहेबांची लेक ईरा सगळ्यात पुढे. वय सहा, समोरचा एक दात गायब, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. मी सगळ्यात मागे, कारण "संतोष, एवढी बॅग धरतोस का रे?" असं प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला मी "द्या की" म्हणालो. पाठीवर पाण्याच्या बाटल्या, छातीवर थालीपिठांचे डबे, गळ्यात कुणाची तरी दुर्बीण. माणूस कमी, क्लोकरूम जास्त!

पहिल्याच वळणावर पोरांनी बसकण मारली.

"और कितना दूर है?"

"मम्मी, गोदी में उठाओ!"

एकाचा ओठ थरथरायला लागला. वहिनी ताईकडे बघायला लागल्या. ताई माझ्याकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, वर किल्ला आहे!"

आता सांगा, आपल्याकडे डोंगर म्हटला की वर किल्ला असतोच की नाही? जीभ सवयीने बोलून गेली. पण पोरं टुणकन उठली!

"किला? सच्ची?"

"पक्का," मी म्हणालो.

इथवर ठीक होतं. पण वहिनींनी ऐकलं. "अय्या, किल्ला? कुणाचा हो?"

"जुना आहे," मी म्हणालो.

"मराठ्यांचाच असणार!" साहेबांनी छाती काढली. "अहो, आपली फौज अटकेपर्यंत गेलेली. वाटेत ठाणं नको?"

मी मान हलवली. काय करणार, मेजरसाहेबांना खोटं पाडू?

वहिनींनी लगेच नागपूरला सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, इथे आपला किल्ला सापडलाय!" जणू मीच खणून काढला होता.

पुढच्या वळणावर माझ्या मांड्या बोलायला लागल्या. मी एका दगडावर टेकलो, तोच ईरा धावत मागे आली. "काका, किले में तोप है?"

"आहे ना," मी धापा टाकत म्हणालो.

"कितनी बड़ी?"

"आपल्या गाडीएवढी." आणि उठून चालायला लागलो. पोरगी विचारतेय म्हटल्यावर बसून कसं चालेल?

मग चढ आणखी उभा झाला. मी झाडाला टेकलो, की ईरा हजर. दरवाजा केवढा? हत्ती जाईल एवढा. घोडे? पागा भरून. तळघर? आहे, पण अंधार फार. मी एकेक बुरूज चढवत होतो आणि मनात म्हणत होतो, संतोष, काय पोरं ओढून चालवलीस! एकही रडलं नाही. ताई तर मान ताठ करून चालत होती.

आणि मग चढ संपला.

वर काय होतं? एक मोबाइलचा टॉवर. त्याभोवती तारेचं कुंपण. आणि एक शेळी, आमच्याकडे बघत, शांतपणे चघळत.

अजून चालूच असलेल्या फोनमधून बाबांचा आवाज आला, "सूनबाई, बुरूज दिसतोय का गं?"

वहिनींनी फोन शेळीकडे वळवला आणि कॉल कापला.

"संतोष," साहेब हळूच म्हणाले, "ठाणं कुठाय?"

"नाही साहेब. पोरं रडतील म्हणून मीच..." साहेब टॉवरकडे बघत खाकरले. अटकेचं काही परत बोलले नाहीत.

पण माझं लक्ष ईराकडे. एवढे प्रश्न विचारले होते पोरीने! आता भोकाड पसरणार. मी सगळ्या बॅगांसकट गुडघ्यावर बसलो. "बाळा, चुकलं काकाचं. किल्ला नाहीये. मी खोटं बोललो."

"मुझे पता था," ईरा म्हणाली.

"कधीपासून?"

"शुरू से. नीचे गाड़ी से ही टावर दिख रहा था ना."

"अगं, मग तोफ, घोडे, तळघर... इतकं विचारत का होतीस?"

तिने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसं मी मिस्त्री लोकांना स्क्रू उलटा लावताना बघतो.

"आप बार-बार बैठ जाते थे. किले का पूछो तो उठ जाते थे. पापा कहते हैं, किसी को पीछे नहीं छोड़ते." मग माझा खांदा थोपटून म्हणाली, "शाबाश काका! आप बिना रोए आ गए!"

त्यानंतर जे हसू फुटलं! ताई तर डोळे पुसत हसत होती. "नेईल म्हणाले होते ना मी," ती वहिनींना म्हणाली, "फक्त कोण कुणाला, ते सांगायचं राहिलं." वहिनींनी हसत तिच्या हातात थालीपीठ ठेवलं आणि पुढची सहल कुठे काढायची ते विचारलं. मॉलचं नाव कुणी काढलं नाही.

उतरतानाही माझी तीच गत. मी एका कठड्यावर टेकलोच. ईरा परत आली, माझं बोट धरलं आणि कानात म्हणाली, "काका, नीचे ना कुल्फीवाला खड़ा है. मलाई वाली."

मी उठलो. तरातरा खाली आलो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांच्या मागे जाऊन मी तो कुल्फीवाला शोधत फिरलो. मग रस्ता ओलांडून पलीकडेही बघून आलो.